फटीचा इतिहास : चांद्याची भट्टी, माजरीची खाण आणि अंगणातला बंब

१/
वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा मागे पडले की माजरी जंक्शन लागते. पायाखाली दगडी कोळसा आणि जिल्ह्याच्या पूर्वेला सागाचे व बांबूचे अरण्य. आग पेटवण्याची दोन्ही साधने ज्या प्रदेशाला निसर्गाने उदारपणे दिली, त्या प्रदेशात आग कोंडून ठेवण्याची कला कशी वाढली, हा आजच्या धाग्याचा विषय आहे.

२/
या इतिहासाचा नायक अगदी सामान्य आहे : भट्टीच्या दाराची फट आणि ती बुजवणारा पदार्थ. माती, ताग, शेंदूर, अ‍ॅस्बेस्टॉस, काचतंतू अशी त्याची रूपे पालटत गेली. राजे आणि लढाया यांच्या इतिहासात त्याला जागा नाही. तथापि किती लाकूड जळेल, कोणाचे प्राण वाचतील आणि कोणाची फुप्फुसे निकामी होतील, हे पुष्कळ वेळा या फटीने ठरवले आहे.

३/
आधी त्यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू. लाकूड पेटवणे सोपे. ते किती वेगाने जळावे हे ठरवणे कठीण. तो वेग हवेच्या पुरवठ्यावर अवलंबून असतो. भट्टीला हवा आत घेण्याची एक ठरलेली वाट असते. ती उघडली की ज्वाळा वाढते, मिटली की मंदावते. दाराच्या कडेने चोरवाट निर्माण झाली, तर ठरलेली वाट बंद करूनही आग भडकलेलीच राहते. जास्तीची थंड हवा उष्णता उचलून धुराड्यावाटे घेऊन जाते. पाणी कोमट राहते आणि लाकडाची मोळी मात्र संपते.

४/
हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. लोहारा हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावाचे नावच बोलके आहे. त्या परिसरातील टेकड्यांत आणि आजच्या गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. मध्य भारताच्या अरण्यांत लोखंड गाळणारे कारागीर मातीची लहान, उभी भट्टी बांधत. वरून खनिज व लाकडी कोळसा टाकत आणि खालून भात्याने वारा देत.

५/
त्या भट्टीच्या पुढच्या बाजूला तोंड असे. भट्टी पेटवण्यापूर्वी ते ओल्या मातीने लिंपून टाकत आणि भात्याच्या नळीपुरते छिद्र ठेवत. काम संपले की लिंपण फोडायचे व लोखंडाचा तापलेला गोळा ओढून काढायचा. म्हणजे दर खेपेला दार नवे होत असे. लिंपणाला तडा गेला की भात्याचा वारा तेथूनच निसटे, आतला ताप उतरे आणि खनिज व कोळसा दोन्ही वाया जात. या लिंपणात देखभाल वेगळी नव्हती. प्रत्येक वेळी नव्याने बांधणे हीच देखभाल होती.

६/
विद्वानांच्या ग्रंथांतही फटीची चिंता आढळते. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रावरील ग्रंथात यंत्रांचे सांधे बुजवण्याचे लेप सांगितले आहेत. त्यांतील ‘वह्निमृत्स्ना’ म्हणजे आगीत टिकणारी माती : खडू, मीठ आणि लोखंडाचा कीट म्हशीच्या दुधात घोटून ती सिद्ध होते. पाण्याला दाद न देणाऱ्या लेपासाठी बाभळीचा काढा, लोहकीटाचे चूर्ण व गूळ सांगितला आहे. सांधा कशापासून वाचवायचा आहे, यानुसार लेप बदलतो, हा विवेक त्यात स्पष्ट दिसतो. मराठी वैद्यांच्या बोलीत हीच क्रिया ‘कपडमाती’ या नावाने रुळली.

७/
आता एकोणिसाव्या शतकात येऊ. रेल्वे आली ती अरण्य खात आली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी साग लागे आणि मद्रास रेल्वेसारख्या मार्गांवर इंजिनेही लाकडावर धावत. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते स्थापन झाले. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी अरण्यावर सरकारी मालकी बसत गेली. त्यामागे इतर कारणांसह रेल्वेची ही भूकही होती.

८/
म्हणून वर्धा खोऱ्यातील कोळशाला महत्त्व आले. वरोऱ्याला सरकारने खाण सुरू केली आणि तो कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे टाकलेला लोहमार्ग १८७७ मध्ये वरोऱ्याला पोहोचला. १८८२ च्या सुमारास ऑस्ट्रियन धातुतज्ज्ञ रिटर फॉन श्वार्झ यांनी चांदा जिल्ह्यात लोखंडाचा उद्योग आर्थिकदृष्ट्या परवडेल काय, यावर अहवालही दिला. मोठा कारखाना मात्र तेव्हा उभा राहिला नाही. १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली आणि लक्ष बल्लारपूरकडे वळले.

९/
वाफेच्या इंजिनाला दोन दारे असतात आणि त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. फायरमन ज्यातून कोळसा टाकतो ते मागचे दार सतत उघडझाप करते. पुढच्या टोकाला धूरपेटीचे, म्हणजे कामगारांच्या भाषेत स्मोकबॉक्सचे, गोल दार असते. ते इंजिन चालू असताना मुळीच उघडायचे नसते.

१०/
सिलिंडरमधून सुटलेली वाफ धूरपेटीतून धुराड्यावाटे झोताने बाहेर पडते. त्या झोतामुळे धूरपेटीत हवेचा दाब उतरतो आणि तोच उतार आगीतून नवी हवा ओढून घेतो. पुढचे दार किंचित जरी सैल असले, तरी धूरपेटी त्या फटीतून बाहेरची हवा ओढते. मग आगीची ओढ मंदावते आणि वाफ कमी पडते. धूरपेटीत साचलेल्या अर्धवट जळालेल्या कणांना हवा मिळून ते तेथेच पेटतात आणि दाराचा पत्रा वाकतो. वाकलेले दार आणखी सैल बसते. देखभालीतली हयगय स्वतःलाच कशी वाढवत नेते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

११/
यामुळे इंजिन शेडमध्ये धूरपेटी रिकामी करणे, दाराची कड घासून स्वच्छ करणे आणि दार आवळणे ही रोजची कामे असत. कडेवर बसलेला राखेचा एक खडा दार नीट टेकू देत नाही. करपलेल्या रंगाचा पट्टा दिसला की हवा कोठून शिरते ते जुना कामगार पाहताक्षणी ओळखे. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’चे १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले इंजिन १९९४ पर्यंत धावले. अशा दीर्घायुष्यामागे या रोजच्या, नावाची नोंद न होणाऱ्या कष्टांची मोठी रांग असते.

१२/
बॉयलरच्या पाण्याच्या बाजूलाही दारे असतात : आत उतरण्याचे मॅनहोल आणि गाळ काढण्याचे मडहोल. तेथे रोखायची असते ती दाबाखालची वाफ. तागाच्या किंवा अंबाडीच्या दोरावर शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा लगदा माखून ते सांधे घट्ट करत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मारुतीच्या मूर्तीला लावला जाणारा तोच. जवस तर विदर्भाच्या शेतातले. परदेशी यंत्राचा सांधा येथे ओळखीच्या वस्तूंनी सांधला जात होता. त्या लगद्यातले शिसे विषारी होते, हा त्याचा दुसरा चेहरा.

१३/
बॉयलर फुटला तर काय होते, हे १८६३ मध्ये कलकत्त्यातील बॉयलरच्या भीषण स्फोटाने दाखवले. त्यात अनेकांचे प्राण गेले आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतागणिक निराळे नियम निर्माण झाले आणि त्यांतून गोंधळ वाढला. १९२०–२१ च्या समितीनंतर १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला. नोंदणी, ठरावीक मुदतीची तपासणी आणि प्रमाणपत्र ही त्याची चौकट. शंभर वर्षांनंतर, २०२५ मध्ये, त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

१४/
आता माजरीच्या भूगर्भात उतरू. वर्धा खोऱ्यातील कोळशाचा एक दुर्गुण आहे : हवेशी संबंध आला की तो आपोआप तापतो आणि वेळीच लक्ष न दिल्यास पेटतो. काडी लावावी लागत नाही. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो, त्यातून उष्णता निर्माण होते, ती बाहेर पडायला वाव मिळाला नाही की साठत जाते आणि अखेरीस धूर दिसू लागतो.

१५/
म्हणून भूमिगत खाणीत कोळसा काढून झालेला भाग विटांच्या भिंतीने बंद करतात. खाणीच्या भाषेत ही ‘स्टॉपिंग’. म्हणजे खाण ही एक प्रचंड भट्टी आणि स्टॉपिंग हे तिचे कायमचे मिटलेले दार. फरक इतकाच की बंबाच्या दाराला फट पडली तर लाकूड वाया जाते. येथे फट पडली तर मिटलेली आग जागी होते आणि कार्बन मोनॉक्साइड कामगारांपर्यंत पोहोचतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो.

१६/
स्टॉपिंगला चुना फासण्याची पद्धत आहे. त्यामागे शोभेचा हेतू नाही. पांढऱ्या पृष्ठावर केसाएवढा तडाही दिव्याच्या उजेडात ठळक दिसतो. शिवाय या भिंती श्वास घेतात. वातावरणाचा दाब उतरला की आतला वायू बाहेर येऊ पाहतो आणि दाब चढला की बाहेरची हवा आत शिरू पाहते. त्यामुळे वायुभारमापक पाहणे हे दारोगापणाइतकेच महत्त्वाचे काम ठरते. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड स्थापन झाली आणि माजरी हे तिचे एक क्षेत्र बनले. मालक बदलले, कोळशाचा स्वभाव बदलला नाही.

१७/
पुन्हा दाराकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताग आणि माती यांना मागे सारणारा पदार्थ बाजारात आला : अ‍ॅस्बेस्टॉस. दगडाचा तंतू, दोरीसारखा वळता येणारा आणि आगीत न जळणारा. दाराच्या खोबणीत ही दोरी दाबून बसवली की काम झाले. इंजिने, जहाजे, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे बॉयलर, गिरण्या या सर्वांनी तिचे स्वागत केले. रसशास्त्रज्ञाची ‘वह्निमृत्स्ना’ जणू खाणीतूनच तयार निघाली होती.

१८/
१९२४ मध्ये, म्हणजे आपला बॉयलर कायदा अमलात आला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये डॉ. कुक यांनी नेली केरशॉ या कामगार स्त्रीच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. रॉचडेलच्या कारखान्यात ती अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. तिची फुप्फुसे त्या धुळीने कठीण होऊन गेली होती. १९३० मध्ये तेथील सरकारी चौकशीने कामगारांतील या रोगाचे प्रमाण दाखवले आणि १९३१ मध्ये नियम झाले. ते नियम कारखान्यातील धुळीपुरते होते. शेडमध्ये वाळलेली जुनी दोरी खरवडून काढणाऱ्या हातांचा विचार त्यांत नव्हता.

१९/
भारतात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणी निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. एवढी दीर्घ मुदत का? कारण हा रोग दशकांनंतर प्रकट होतो. बॉयलरचा स्फोट क्षणात होतो आणि समिती नेमली जाते. फुप्फुसातला स्फोट तीस वर्षे चालतो आणि तोवर हजेरीपटही हरवलेला असतो.

२०/
बॉयलरचा कायदा यंत्राच्या फटीकडे पाहत होता; ती बुजवणाऱ्या माणसाकडे पाहायला आणखी सात दशके लागली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे अंतर महत्त्वाचे वाटले पाहिजे. सुरक्षिततेचा इतिहास लिहिताना ‘कोणाची सुरक्षितता?’ हा प्रश्न टाळला, तर तो इतिहास अर्धवट राहतो. आता दाराच्या दोऱ्या काचतंतूच्या किंवा सिरॅमिक तंतूच्या असतात. त्याही हाताळताना तोंडावर मास्क हवाच.

२१/
शेवटी अंगणात येऊ. आपल्याकडचा घराबाहेरचा लाकडी बॉयलर म्हणजे बंब. शब्द पोर्तुगीज : मूळ ‘बोंबा’, म्हणजे पंप. आग विझवणारा तोही बंब आणि आगीवर पाणी तापवणारा तोही बंब, ही मराठीची गंमत. तांब्याचे गोल भांडे, मधोमध उभे नळकांडे, खाली जाळी व राखेचे तोंड, बाजूला तोटी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची वस्ती झाली. तांब्याच्या इतर भांड्यांबरोबर बंब घडवण्यासाठीही ती आळी ओळखली गेली.

२२/
चंद्रपुरात मात्र बंब ही केवळ आठवणीतली वस्तू नाही. हिवाळ्यात अंघोळीचे पाणी तापवायला उघड्या तीन दगडांच्या चुलीवर लाकडाची मोठी रास खर्ची पडते. ते लाकूड आणायला जावे लागते अरण्यात, आणि तेथे वाघ आहे. सरपण, मोह किंवा तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या या जिल्ह्यात वारंवार येतात. मोळी आणणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते.

२३/
या पार्श्वभूमीवर वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने ताडोबा परिसरातील गावांत कमी लाकडात पाणी तापवणारे बंब पुरवण्याचा ‘हीटर ऑफ होप’ हा उपक्रम हाती घेतला. विचार सरळ आहे : लाकूड कमी लागले तर अरण्यातल्या खेपा कमी होतील, अरण्यही वाचेल आणि माणसेही. आग चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली असल्यामुळे बंब उघड्या चुलीपेक्षा काटकसरी ठरतो. ही काटकसर टिकते ती मात्र देखभालीवर.

२४/
देखभालीचे ज्ञानही परंपरेचाच भाग आहे, म्हणून येथे नोंदवतो. दार असलेला बंब, लाकडाची शेगडी किंवा थंड देशांत घरामागे उभा करतात तसा मोठा बॉयलर असो, परीक्षा एकच. भट्टी पूर्ण थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार मिटावे व पट्टी ओढावी. ती अडकली तर सांधा घट्ट. सहज निसटली तर तेथे फट. हे चारी बाजूंना करावे. फट एकाच बाजूला असेल, तर दोष बहुधा बिजागरीचा किंवा कडीचा असतो. सगळीकडे असेल, तर दोरी दबून मेलेली असते.

२५/
नवी दोरी बसवण्यापूर्वी खोबण जुना डिंक, राख आणि डांबरासारखी काजळी काढून स्वच्छ करावी. दोरी पूर्वीच्याच जाडीची घ्यावी आणि बसवताना ताणू नये. ताणलेली दोरी बारीक होते आणि पहिल्याच हिवाळ्यात फट परत येते. टोके एकमेकांना भिडवावीत, एकावर एक चढवू नयेत. यंत्र फार जुने असेल आणि दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असण्याची शंका असेल, तर ती कोरडी खरवडू नये, जाणकाराला बोलवावे. ज्या साध्या बंबाला दारच नाही, त्याच्या राखेच्या तोंडाला पत्र्याचे सरकते झाकण केले तरी हवेवर पुष्कळ ताबा मिळतो.

२६/
एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. आगीचे दार घट्ट असावे. पाण्याचे झाकण कधीही घट्ट आवळू नये. पाण्याच्या टाकीचे तोंड हवेला मोकळे असते म्हणून बंबात वाफेचा दाब साठत नाही, आणि म्हणूनच १९२३ च्या कायद्याने दाबाखाली वाफ करणाऱ्या बंद भांड्यांवर घातलेली बंधने त्याला लागू झाली नाहीत. ते तोंड बंद केले की अंगणातला बंब कलकत्त्याच्या त्या बॉयलरचा धाकटा भाऊ होतो. तसेच धुराड्याची वाट मोकळी ठेवावी आणि बंद न्हाणीघरात बंब पेटवू नये. खाणीत मारणारा तोच कार्बन मोनॉक्साइड येथेही निर्माण होतो.

२७/
लोहाऱ्याच्या भट्टीपासून ताडोबाच्या गावापर्यंत आपण एकाच फटीचा माग काढला. मातीचे लिंपण कारागीर स्वतः करत आणि बिघाडाचे नुकसानही स्वतः सोसत. कारखाने आणि खाणी आल्यावर फट एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे, अशी विभागणी झाली. आज बंबाच्या सैल दाराची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर सकाळी मोळीसाठी अरण्याची वाट धरणाऱ्या बाईकडे पाहावे.

२८/
मित्रहो, आपल्या आजोळी बंब असेल, घरातील कोणी इंजिन शेडमध्ये, जिनिंगमध्ये किंवा खाणीत काम केलेले असेल, तर त्यांना एवढेच विचारा : दार कशाने बुजवत होतात, आणि ते काम कोणाकडे असे? उत्तरे तारीख, गाव आणि त्यांनी वापरलेल्या मूळ शब्दांसह लिहून ठेवा. या कामांची दफ्तरे फार थोडी आहेत. ती माहिती आता माणसांच्या स्मरणातच उरली आहे. धागा समाप्त.